चंद्रतालच्या काठावरचा घास

प्रिय तात्या,

तुमच्या दहाव्यापासून लिहायचं टाळतोय. आधी गाडीचं काम निघालं, मग मित्र गोव्याला घेऊन गेले. खरं सांगू? तोंड दाखवायची लाज वाटत होती.

आज चंद्रतालच्या काठावर बसलोय. हिमाचलातलं हेच तळं तुम्ही माझ्या मोबाईलवर बघितलं होतं. काटेवाडीत कॅनॉलचं चहासारखं पाणी बघत जन्म गेलेला माणूस तुम्ही! "आयला, तळाचं गोटं दिसत्यात की! खोल किती हाय? मोटर सोडायची तर पाईप किती लागतील?" मी हसलो. तुम्ही नाही हसलात. "मला एकदा दाव," म्हणालात.

"दावतो की, पुढच्या वर्षी." अशी किती वर्षं गेली? मी मात्र येऊन गेलो, मित्रांबरोबर. वाटेत एका धाब्यावर असला राजमा मिळतो ना... जाऊ द्या. हे असंच होतं माझं.

तात्या, पाणी फोटोपेक्षा निवळ आहे. काठाशी वीतभर वाटलं म्हणून पाय घातला, तर गुडघा बुडाला! पुढं निळं गडद होत जातं. आपले पाईप नाही पुरायचे.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. माई म्हणाली, "गाय इकणार न्हाय, जावा निवांत." दादा म्हणाला, "हिरीला कठडा बांधतो." कावळा बाभळीवरून हलेना. तुमचे थोरले भाऊ माझ्याकडं वळले, "तू बोल की रं! काय राह्यलंय त्येचं?"

मला ठाऊक होतं. पण चार पाहुण्यांत तळ्याचं कसं काढू? आणि माझ्या शब्दावर कावळ्यानं तरी का विश्वास ठेवावा? शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. उपाशीच गेलात का हो?

आज तंबूवाल्याकडून भात मागून आणला, दह्यात कालवून दगडावर ठेवलाय. कधीचा ठेवलाय. इतक्या उंचीवर कावळे नसतात म्हणे.

तरी बोलतो, मोठ्यानं बोलतो: माईला इथं आणीन. पुढच्या वर्षी नाही. याच वर्षी, बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आत. तुमच्या वाटचा तळ ती बघेल.

तुमचा,
बाळू

ता.क. तात्या, दगडावर कुणीतरी येऊन बसलंय! अंग काळंभोर, पण चोच पिवळीधमक. हा चालतो का हो? आधी माझ्याकडंच बघत होता. आता खातोय.