मोडलेली कड

प्रिय मेघना,

तू पुण्याला परतल्याला अकरा दिवस झाले. आईचा गुडघा बरा आहे. जिना चढताना ती मधल्या मजल्यावर बकुळाकाकूंशी बोलायला थांबते. दम लागला असं कबूल करत नाही. तुझा विसरलेला चष्मा सोबतच्या खोक्यात आहे. चिवडाही आहे. त्याला ग्रीसचा वास लागला तर मला बोलू नकोस.

आई रोज विचारते, मेघनाचं ते इंजिन वाया गेलं का हो? मी म्हणतो, इंजिन असं वाया जात नसतं. मग पोरीचं तोंड का उतरलं होतं, असं ती म्हणते आणि भाजी निवडत बसते.

गणपतीत तू आम्हाला तुझं इंजिन कागदावर काढून दाखवलंस, तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. जुन्या रोटरी इंजिनात सीलच्या पट्ट्या फिरणाऱ्या रोटरच्या टोकांवर असतात. त्यांना पाजलेलं तेल पेट्रोलबरोबर जळतं आणि धूर होतो. तू पट्ट्या रोटरवरून काढल्यास आणि बाहेरच्या घरात, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचात, खाचा पाडून तिथे बसवल्यास. पट्टी जागच्या जागी, तेल थेंबाथेंबाने तिलाच. सगळं इंजिन अठरा किलोचं. तू एकटीने उचलून दाखवलंस, तेव्हा आई ओरडली, अगं कंबर धरेल. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये आम्ही एक पंप हलवायला चौघे लागायचो.

ते घर आपल्या गाळ्यात झालं. खाचा भायखळ्याच्या हितेंद्रने मशीनवर कापल्या, शेवटचा हात मी फिरवला. चाचणीत न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर आलं, ठरल्याच्या तिप्पट. तू सगळं गणित पुन्हा केलंस. मग घरी येऊन म्हणालीस, अप्पा, तुमचं काम चोख होतं, माझंच डोकं चुकलं. बकुळाकाकूंसमोर म्हणालीस. मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण बरं वाटलं.

तू लहानपणी शाळा सुटली की गाळ्यात येऊन बसायचीस. खेळायला काहीतरी द्या म्हणायचीस. मी एखादा टाकाऊ तुकडा उचलायचो, त्याच्या कडांवर कानस मारायचो, अंगठा फिरवून बघायचो आणि मगच तुझ्या हातात द्यायचो. गिरणीतही तेच शिकलो होतो. धारदार कड राहिलेला तुकडा आमचे मुकादम परत फेकायचे. घेणाऱ्याचा हात कापला तर काम कसलं, म्हणायचे. चाळीस वर्षं झाली. आता कानस मी उचलत नाही, हातच उचलतो.

चाचणीनंतर तू उघडलेलं ते घर इथेच, कपाटावर ठेवून गेलीस. तू गेलीस त्या दुपारी मी ते मांडीवर घेतलं. खाचेच्या तोंडावरून अंगठा फिरवला. तो कुठेच अडला नाही. सगळीकडे लोण्यासारखा सरकला.

ड्रॉइंगवर तू लिहिलं होतंस की कडा मोडू नयेत, कानस न मारता धारदारच ठेवाव्यात. मी ते वाचलं होतं. तरी मोडल्या, तिन्ही खाचांच्या. पट्टीच्या बाजूला केसाएवढी फट राहिली. पेट्रोल तिथे शिरून न जळता राहिलं असणार, असं हितेंद्रही म्हणाला. अकरा दिवस मी हे तुला सांगितलं नाही. फोन दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा तुझ्या जेवणाचं विचारलं.

सोमवारी तू तुझ्या कंपनीतल्या साहेबांना लिहून देणार आहेस की रचना चुकली, काम थांबवावं. ते देऊ नकोस. तुझी रचना अजून कोणी तपासलेलीच नाही. तपासली गेली ती माझी कानस. हे पत्र त्यांना दाखव; खाली पूर्ण नाव घातलं आहे. हितेंद्र शनिवारी स्वतः येऊन हे पत्र आणि खोकं तुझ्या हातात देईल. चिवड्याखाली नवं घर आहे. त्याच्या खाचा कापल्यावर मी ते हातात घेतलं नाही, हितेंद्रनेच गुंडाळलं. बाहेर काढताना हात जप. कडा कापतात.

तुझाच,
अप्पा
(जयवंत सखाराम तळेकर, लालबाग)