शोकसभेत न वाचायचा निबंध

।। श्री ।।

मी, पुरुषोत्तम गोपीनाथ सावरटकर, वय एकोणपन्नास, व्यवसाय सुतारकाम, राहणार हॉर्नबी, क्राइस्टचर्च, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. दडपण कुणाचे नाही. पत्नी वासंतीने फक्त आठ वेळा आठवण करून दिली. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. म्हणून लिहून ठेवतो.

१. घर व बँकेत असेल ते वासंतीचे. माझ्यामागे सर्व व्यवस्था तिनेच पाहावी. आजही तीच पाहते.

२. रंधे, पटाश्या व करवती मुलगी सुरुची हिला द्याव्यात. तिचा रंधा माझ्यापेक्षा सरळ चालतो, हे तिला मी कधी सांगितलेले नाही. चार मोठे क्लॅम्प आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष रवींद्र दळवी यांच्या गॅरेजात सहा वर्षे पडून आहेत. ते परत मागू नयेत. मागितल्यास ते मंडळाचेच असल्याचा ठराव निघेल.

३. माझ्यासाठी रामरक्षा एकदा म्हणावी, घाई न करता. राख नदीत सोडू नये. इथल्या माओरी लोकांना ते रुचत नाही. परसातल्या लिंबोणीखाली घालावी.

४. आता मनातले. माझा वर्गमित्र शंतनु अमेरिकेत असतो. आम्ही चिपळूणजवळच्या एकाच खेड्यातल्या शाळेत शिकलो. त्याने आमच्या मंडळातल्या हायस्कूलच्या मुलांसाठी एक पदक ठेवले. विषय, 'अमेरिकेची नागरी मूल्ये आणि मी'. न्यूझीलंडच्या मुलांनी अमेरिकेची मूल्ये का घोटावीत, हे कुणी विचारले नाही. पदक चांदीचे होते. परीक्षक मी. मुलांना मी बजावले, "पाठ केलेलं नको. आपल्या आजूबाजूला बघा, विचार करा."

सुरुचीने तेवढे ऐकले. तिने लिहिले की, अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाला कुणी जा म्हटले नव्हते, तरी दोन खेपांनंतर तो आपल्या शेतावर परत गेला. आमच्या मंडळात मात्र अध्यक्षांची निवड जेवण वाढल्यावर होते. कुणीतरी म्हणते, "आहे तेच बरं चाललंय." हातात ताटे असल्यामुळे हात कुणालाच वर करता येत नाही. मग चिटणीस लिहितात, 'विरोध कोणाचाही नाही, निवड एकमताने.' अशी अकरा वर्षे.

चिटणीस मी आहे. मी निबंधावर तांबड्या शाईने 'विषयांतर' असे लिहिले व तो स्पर्धेतून काढला. दळवी म्हणाले, "सावरटकर, मुलीला जपा हो, फार वाचते."

त्याला पाच महिने झाले. सुरुची माझ्याशी कामापुरते बोलते, तेही इंग्रजीत. फेब्रुवारीत ती शिकायला वेलिंग्टनला जाईल. ती अशीच गेली तर पुढे कोणत्या भाषेत बोलायचे, हे मला सुचत नाही.

म्हणून या जागी मी लिहिले होते, की माझ्या शोकसभेत तिचा निबंध पूर्ण वाचावा व पदक तिला द्यावे. वासंतीने ते वाचले.

"शोकसभेत कुणी उठून उलट बोलत नाही, म्हणून तिथे ठेवलात होय?"

"तसं नाही गं."

"मग कसं? तुम्ही वर, आणि दळवींच्या समोर पोर एकटी उभी!"

मी देवापुढे जाऊन बसलो, तिथेही तिचाच प्रश्न ऐकू आला.

ते शब्द आज खोडले आहेत. निबंध येत्या शनिवारी वार्षिक सभेत, जेवणाआधी, वाचला जाईल. मी शेजारी उभा राहीन. पदकाचा निकाल चुकला होता, हे शंतनुला पत्राने कळवले आहे. चिटणीसपदाचा राजीनामा दळवींना दिला. ते म्हणाले, "सभेपुढे ठेवू, जेवताना."

सुरुचीला सांगितले तेव्हा ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "स्वीट ॲज, बाबा. पण मी एक पान वाढवलंय. ते तुझ्यावर आहे."

पहिले दोन शब्द, म्हणजे 'चालेल', सोडले तर मराठीत म्हणाली. ते पान मी आधी पाहायला मागितलेले नाही.

हॉर्नबी, क्राइस्टचर्च
९ नोव्हेंबर २०२५

(सही) पुरुषोत्तम गोपीनाथ सावरटकर

साक्षीदार. आम्हा दोघांसमक्ष वरील सही झाली. कलम ४ मधील खोडाखोडीवरही आमच्या सह्या आहेत. या मृत्युपत्रातून आम्हाला काही मिळणार नाही.

(सही) सुयश बिवलकर, परिचारक
(सही) इशिता नगरकर, डेअरी (किराणा) दुकानदार