बोटीची तिकिटं

९ मे २०१६
तलासरीला कामाचं विचारायला निघालो. पोचलोच नाही. वाटेत भंगारवाल्याकडे जुन्या पाकिटांचा ढीग दिसला, तिकिटं जमवायचा नाद माझा, तिथंच बसलो. दोन टपाल तिकिटं सापडली, परदेशी, वर बोटी. इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं. नदीतल्या जलवाहतुकीची आंतरराष्ट्रीय परिषद. नदीत बोटी कशा चालवायच्या यावर देशोदेशीचे लोक बसून बोलले म्हणे. आपल्या खाडीत ओहोटीला होडी चिखलात बसते, तिचं कोण तिकीट काढतो! भंगारवाला गुजरातीत म्हणाला, "लई जा, भाई." घेऊन जा म्हणे.
आईला फोन केला. रेंज येत-जात. "आये, बोटीची तिकिटं भेटली, परदेशी." ती रडायलाच लागली. फोन कट.

१० मे
मेलो. आईनं अख्ख्या धाकटी डहाणू गावात सांगितलंय, पोरगा बोटीवर लागला, फॉरेनला चालला. आशागडला हेमाच्या बाबांनाही कळवलं. त्यांचं म्हणणं तेच होतं ना, आधी बोटीवर लाग, मग पोरगी देतो. हेमाला उंबरगावचं स्थळ आलेलं, त्या लोकांना बाबांनी कालच नाही म्हणून टाकलं.

१२ मे
अजून सांगितलं नाही. आई बॅगेत सुकट भरतेय. आज तिकिटं तिच्या हातावर ठेवली, म्हटलं आपोआप कळेल. तिनं उलटीपालटी केली. "एवढुशी? मोठं तिकीट साहेबाकडं असतं काय रे?"
हो म्हणालो. का म्हणालो...


१३ मे
डहाणू रोडला हेमा भेटली. सगळं सांगितलं. वाटलं हसेल. नाही हसली.
"बाबा उंबरगाववाल्यांना परत बोलावतील."
मग तूच सांग ना त्यांना, म्हटलं.
"मी सांगितलं तर म्हणतील, दोघांनी मिळून फसवलं. तू जा."
परत जाताना वळून बघितलं नाही तिनं.

१५ मे
आशागड. हेमाचे बाबा छपरावर, शाकारणी चाललेली. मला बघून म्हणाले, या बोटवाले, शिडी धरा. धरली. मग खालून एकेक कौल देत राहिलो. 
"मामा, खाली या. बोलायचंय."
"तिथनंच बोल. ऐकतोय."
बोललो. टपालाची तिकिटं, फोन, आई, सगळं. हेमाला कालपरवा कळलं, तिचा यात काही हात नाही, तेही.  वरचा कौलांचा खडखडाट थांबला. मान वर करायची हिंमत झाली नाही.
मग वरून त्यांचा हात खाली आला. "पुढचं कौल दे."
दिलं.