बुरुजावरच्या शिव्या

पौष शुद्ध तृतीया, सुळकेगडाखाली, खानाची छावणी

चिरंजीव सौभाग्यवती साळूस अंबाऊचे पोटभर आशीर्वाद. गडावर धान्य तुटले असेल, तेव्हा आशीर्वाद तरी पोटभर घे.

कासारीण तुमच्याकडे बांगड्या भरायला निघाली आहे, तिच्या टोपलीत हे ठेवते. बायकांच्या बांगड्या उलथ्यापालथ्या करायला दोन्हीकडचे शिपाई लाजतात, हे आपले नशीब. आमची स्वारी खुशाल आहे. खानाची चाकरी करते आणि जेवताना माझ्या नजरेस नजर देत नाही.

विचारायचे ते विचारते. आपल्या आत्यासाहेब रोज उजाडता बुरुजावर उभ्या राहून खानाला शिव्या घालतात, त्यावर इथली छावणी जागी होते. तुझ्या तोफा म्हणजे म्हाताऱ्याचा खोकला, आवाज फार आणि पडत काही नाही, असे त्या म्हणाल्या तेव्हा खानसुद्धा हसला म्हणे. पण परवापासून काय झाले? काल बुरुजावरून आले, खानसाहेब, आपणांस लाज वाटली पाहिजे. साळू, खानसाहेब? आपणांस? त्या गडाच्या राणी आहेत, हळदीकुंकवाला आलेली नवी सून नव्हे. खरे काय ते लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.

पौष शुद्ध षष्ठी, सुळकेगड

तीर्थस्वरूप अक्कास साळूचा दंडवत.

आत्यासाहेब अमावास्येला गेल्या. तापाचे निमित्त झाले. शेवटी मला जवळ बोलावले. वाटले, आशीर्वाद देतील. म्हणाल्या, "उद्याची शिवी चुकवू नकोस."

किल्लेदार, दोन दासी आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक आहे. शिबंदी त्यांच्या आवाजावर उपाशी लढते आहे. त्या नाहीत असे कळले तर दरवाजा आतूनच उघडेल, आणि पडलेल्या गडातल्या माणसांचे काय होते ते तुला सांगायला नको. म्हणून त्यांचा शेला डोक्यावरून ओढून मी उभी राहते. आवाज आपल्या घराण्याचा एकच आहे. जीभ मात्र त्यांच्याबरोबर गेली. सुतकात शिव्या देणे पाप की न देणे पाप, हेही मला उमजत नाही.

आता गड तुझ्या हाती आहे. स्वारीच्या कानावर घालायचे तर घाल, तुझे कुंकू तिकडचे. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण समजून घेईन.

धाकटीवर लोभ ठेव, निदान वेढा असेपर्यंत.

पौष शुद्ध नवमी, छावणी

चिरंजीव साळूस आशीर्वाद.

मी कोणाला सांगितले नाही. स्वारीला ताट वाढताना ओठांवर येते आणि आमटीबरोबर गिळते. ज्याचे मीठ खावे त्याला फसवावे का, हा विचार पाठ सोडत नाही. पण खानाचे मीठ अळणी आहे, असे मी तूर्त ठरवले आहे.

रडणे नंतर. आधी शिव्या नीट दे. अरेतुरेवर ये. मध्ये थांबू नकोस, आत्यासाहेब श्वास घेत नसत. कोणाच्या आईवर किंवा देवावर जायचे नाही, त्या कधी गेल्या नाहीत. खानाचे पोट, तोफा आणि हत्ती एवढे भांडवल पुष्कळ आहे. उद्या म्हण, खाना, तुझा हत्ती तुझ्याहून शहाणा, गवत दिसले तर तो निदान पुढे सरकतो. आणि शेवटी थुंक. वारा बघून थुंक, बाई.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.

माघ शुद्ध सप्तमी, नदीकाठचा मुक्काम

चिरंजीव साळूस अनेक आशीर्वाद.

छावणी उठताना तुम्ही पाहिलीच असेल. पातशहाने खानाला दुसऱ्या मोहिमेवर बोलावले. हत्तीची शिवी चांगली बसली होती. खान दिवसभर हत्तीकडे बघत होता.

मला वाटत होते, इतक्या मोठ्या छावणीत गुपित एकट्या माझ्यापाशी आहे. आज पहाटे नदी लागली आणि स्वारी घोड्यावरून उतरली. पागोटे काठावर ठेवले, पाण्यात शिरली आणि घरातले माणूस गेल्यावर मारतात तशी डोक्यासकट बुडी मारली. मागून दुसरा उतरला, तिसरा उतरला. खानाच्या फौजेतले सगळे मराठे, एकमेकांकडे न बघता, उघड्या डोक्याने नदीत. खानाने माणूस पाठवून विचारले, हे काय चालले आहे. स्वारीने सांगितले, उकाडा फार आहे. साळू, बोलताना दात वाजत होते.

मीही लुगड्यानिशी उतरले. पाण्यात हात द्यायला स्वारी पुढे आली, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट बघितले.

आता तुम्ही मोठ्याने रडा.