थांबलेल्या मागांची यादी

कोल्हापूर, मंगळवार संध्याकाळ

"माग का थांबला, त्ये माणसाला इचारायचं की," बाबा म्हणायचे, ते स्वतः विणकर होते. आज इचलकरंजीच्या कापड कारखान्याच्या ऑफिसात मालकांसाठी मी यादी केली. ज्यांचे माग जास्त थांबतात, त्यांना उद्या कामावरून काढणार. पहिलंच नाव इरण्णांचं. नव्या विणकराचा धागा तुटला की ते स्वतःचा माग बंद करून त्याला गाठ मारायला शिकवतात. मागावरच्या मीटरला कळतं फक्त, थांबला. का थांबला, तो रकाना मीच ठेवला नाही. कसा सुचला नाही?

सुटताना इरण्णा हसले. "ताई, लिस्टीत आमचं नाव वर हाय न्हवं?" त्यांना बक्षिसाची यादी वाटली असावी. मी हो म्हणाले. हो म्हणाले!

मालक आकड्यांपुढे कुणाचं ऐकत नाहीत. तरी सकाळी म्हणणार आहे, यादीवर सही करण्याआधी तासभर इरण्णांच्या मागाशेजारी उभे राहा.