आरोहीचे टायर, आत्याचे तळवे

पुणे, दि. १० ऑक्टोबर २०२३

ती. सौ. सारजाआत्यास,
आरोहीचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की मामा उचलतात, सोयाबीनचा भाव सांगतात आणि ठेवून देतात. म्हणून हे पत्र. ५ नोव्हेंबरला आपल्या अणदूरच्या माळावर डोंगरी सायकलींची स्पर्धा आहे. पहिल्या तिघींना राज्य संघाच्या निवड चाचणीला जाता येतं. गेल्या वर्षी मी चौथी आले आणि पुढच्या वर्षी माझं वय बसणार नाही. तेव्हा जे काय व्हायचं ते यंदाच.

घोडं अडलंय टायरपाशी. माझे जुने टायर जाड, ट्रॅक्टरसारख्या उठावांचे. चिखलात ते बरे, कडक वाटेवर नुसते ओढतात. बुटक्या उठावांचे हलके टायर घेतले तर सायकल पळेल, पण त्यांच्या कडा पातळ. बाभळीचा काटा कडेत घुसला की संपलं. तेव्हा गावापासून देवीच्या ठाण्यावरून तलावाच्या बांधापर्यंत स्पर्धेची वाट कशी आहे, ते कळवा. मामांना विचारू नका, ते मोटारसायकलवरून बघतात.

आपली लाडकी (असं मीच म्हणते),
आरोही

अणदूर, दि. १८ ऑक्टोबर

चि. आरोहीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामांनीच आधी फोडलं. त्यातलं शेवटचं वाक्य वाचून दोन दिवस फुगून बसले होते. आता उतरलेत.

विचारलंस मात्र वेळेवर. नवरात्र चालू आहे, पायात काही घालत नाही आणि रोज पहाटे आम्ही बाया त्याच वाटेनं देवीला जातो. यंदा पावसानं पाठ फिरवली, त्यामुळे मुरूम खळ्यासारखा टणक बसलाय. तुझ्यासाठी पुढे बांधापर्यंतही रोज जाऊन येतो. काटा औषधाला नाही. शेजारची पार्वतम्मा तर डोळे मिटून चालते, अर्थात ती झोपेतच असते. तू बिनघोर हलके घे. मामा विचारतात, वजन कमी म्हणजे किंमतही कमी असेल ना?

तब्येत सांभाळ, वेळेवर जेव.
तुझी आत्या

पुणे, दि. २३ ऑक्टोबर

ती. सौ. आत्यास, सा. न. वि. वि.

घेतले! मामांना सांगा, या बाजारात उलटा न्याय आहे, टायर जितका हलका तितका महाग. जुने मैत्रिणीला देऊन टाकले, म्हणजे मागं फिरायला जागाच नको. दुकानदारानं मला वेड्यात काढलं. तुमच्याकडच्या बाभळी माहीत असलेले सगळे जाडच टायर नेतात म्हणे. मी म्हटलं, माझ्या आत्यानं वाट अनवाणी तपासलीय. त्यावर त्यानं हलके काढून दिले.

तुमच्या शब्दावर विसंबलेली,
आरोही

अणदूर, दि. २७ ऑक्टोबर

चि. आरोहीस, अनेक आशीर्वाद.

पोरी, माझ्या हातून घोळ झाला. दसरा झाला, चपला घातल्या. काल त्याच वाटेनं जाऊन आले आणि बघते तर चपलेच्या तळाला काटेच काटे. मग डोक्यात उजेड पडला. नवरात्रात अनवाणी चालणारीनं दिसेल तो काटा उचलून बाजूला टाकायचा, ही आपली रीत. वाट निर्मळ होती ती आमच्यामुळे. आता सगळ्या चपलांत, आणि शेतकरी कुंपणाला बाभळीच्या फांद्या ओढत नेतायत. तुझं वर्ष मी बुडवलं असं वाटलं.

पण आता तू रडू नकोस. मी चपला पुन्हा काढल्यात, पाच तारखेपर्यंत. पार्वतम्माला सांगितलं तर ती म्हणाली, पोरगी आपली हाय आन् वाट बी आपलीच, नवरात्र लांबलं म्हनायचं. तिच्यामागून गल्लीतल्या बाकीच्याही निघाल्या. मामांनी मोटारसायकल आडवी लावून फांद्यावाल्यांना दुसऱ्या वाटेनं पिटाळलं. तू खाली बघू नकोस, पुढं बघून चालव.

तुझी चुकलेली आत्या

पुणे, दि. २१ नोव्हेंबर

ती. सौ. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

दुसरी आले त्या दिवशी तुमच्याशी धड बोलले नाही. बक्षीस घेताना तुमचे पाय दिसले. तुम्ही ते लुगड्यानं झाकत होतात.

परवा साताऱ्याकडे निवड चाचणी झाली. जाड टायर मैत्रिणीकडून उसने आणले होते; कोणते लावायचे ते ठरवायला आदल्या दिवशी वाट तपासायला गेले. तिथं आत्या कुठली? बूट काढले आणि चालू लागले. पोरी हसल्या. पहिल्याच उतारावर काटा मोडला. तो उपटला, लांब टाकला. मग पुढचा दिसला, तोही टाकला. लातूरची जी मुलगी आपल्या माळावर पहिली आली होती, ती मागून येत होती. तिचीही वाट साफ होतेय, हे कळत होतं, पण हात थांबेना. थोड्या वेळानं बघते तर तिनंही बूट काढलेले.

संध्याकाळी आम्ही दोघींनी हलके टायर चढवले. संघात तिचं नाव सगळ्यात वर आहे आणि माझं सगळ्यात खाली, पण आहे.

रविवारी येतेय. तुमच्या तळव्यांना तेल मी चोळणार, नाही म्हणायचं नाही. लोभ असाच आमच्या पायांखाली अंथरलेला असावा, ही विनंती.

तुमची,
आरोही