वीस फुटांवरच्या आनंदीबाई

वारजे, पुणे
१८ फेब्रुवारी २०२१

तीर्थस्वरूप मालनमावशीस दिगंबरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव. पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही धडधाकट आहोत. डॉक्टरांनी ऑफिसच्या कामाशिवाय मोबाइल हातात घ्यायचा नाही असं बजावलंय, म्हणून हाताने लिहितोय. (अक्षर वाचता आलं नाही तर शेजारी दाखव.)

गेले अकरा महिने हिंजवडीचं ऑफिस आमच्या बेडरूममध्ये भरतंय. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुम्ही पापणी लववायचीच विसरलात, डोळे कोरडे पडलेत. थेंब दिले आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायला सांगितलं. आता आमची बेडरूम अकरा फुटांची. म्हणजे खिडकीबाहेर बघणं आलं, आणि तिथे बरोबर वीस फुटांवर (बिल्डरने दोन इमारतींत तेवढीच जागा सोडली आहे) आनंदीबाईंची गॅलरी. या इथल्या मूळच्या, सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी आहे. सत्तरी उलटलेली, एकट्या राहतात, दिवसभर गॅलरीत काहीतरी निवडत बसतात.

मी दिवसातून चोवीस वेळा त्यांच्याकडे बघितलं. पाचव्या दिवशी त्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. सेक्रेटरी दत्तप्रसाद टेप घेऊन आले, बेडरूम मोजली आणि "भिंतीकडे बघत चला," म्हणाले. शेवटी तुझी सून नम्रता डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन स्वतः आनंदीबाईंकडे गेली. चिठ्ठी ऐकून त्या म्हणाल्या, "आजारी हाय व्हय! मंग बघू दे की." तेव्हापासून मी बघायचो आणि त्या शेंगा सोलता सोलता हात वर करायच्या.

गेल्या मंगळवारी अकराला गॅलरी रिकामी होती. वाटलं, आत असतील. अकरा वीसलाही रिकामी. अकरा चाळीसला मी मीटिंगमध्ये बोलत होतो, (खरं सांगतो) बघितलंच नाही. बाराला बघितलं, बारा वीसला परत बघितलं, आणि लॅपटॉप तसाच टाकून पळालो. दत्तप्रसादांनी कडी तोडवली. आनंदीबाई स्वयंपाकघरात आडव्या, खुब्याचं हाड मोडलेलं. मला बघून म्हणाल्या, "दीड तास झाला की रं. कुटं बघत हुतास?"

ऑपरेशन झालंय, मुलगी आली आहे. आनंदीबाईंनी दवाखान्यातून सोसायटीला दुसरा अर्ज पाठवलाय, की त्यांच्याकडे बघणाऱ्यास कोणी अडवू नये.

तुझा
दिगंबर

ता. क. डोळ्यांना काडीचाही फरक नाही.

ता. क. दोन. औशाला तुझ्या समोरच्या घरात हल्ली कोण राहतं? त्यांचं नाव आणि फोन नंबर उलट टपाली कळव. त्यांना डोळ्यांचा त्रास नसला तरी चालेल.